सत्तावीस हजारांचा फरक

आज बोलायचंय मोठ्या आकड्यांबद्दल. घाबरू नका, नवाचा पाढा आला की पुरे.

एका बचत गटाच्या बैठकीत मी बसले होते. पासबुकात शिल्लक १,४७,३५० रुपये आणि गटाच्या वहीत १,७४,३५०. फरक सत्तावीस हजारांचा! आधी सगळ्या गप्प, मग कुजबुज. बँकेत पैसे भरायला जाणारी ताई तर रडकुंडीला आली.

मी म्हटलं, आधी हा फरक नवाने भागून बघू. २७,००० भागिले ९, बरोबर ३,०००. बाकी काही उरत नाही. असं झालं की दोन शेजारचे अंक उलटसुलट लिहिले गेलेत का, ते पहिलं तपासायचं. भागाकार हजारात आला, म्हणजे हजाराचं घर आणि त्याच्या डावीकडचं घर बघायचं. तीन आला, म्हणजे त्या दोन अंकांत तीनचा फरक हवा. इथे चार आणि सात! मागचं पान उलटलं, तिथे १,४७,३५० असंच होतं. शिल्लक पुढच्या पानावर उतरवताना चार-सातची अदलाबदल झाली होती.

हे नऊ येतात कुठून? अंक एक घर डावीकडे सरकला की त्याची किंमत दहापट होते, म्हणजे मूळच्या एका भागावर नऊ भाग वाढतात. सात हजाराचे सत्तर हजार झाले, वाढले त्रेसष्ट हजार. चाळीस हजाराचे चार हजार झाले, घटले छत्तीस हजार. दोन्ही नवाच्या पटीत, मग त्यांच्यातला फरकही नवाच्याच पटीत.

भागाकार जमत नसेल तर फरकातले अंक मिळवा. दोन आणि सात, नऊ. बेरीज नऊ, अठरा, सत्तावीस अशी आली की नवाने भाग जातो. एखादं शून्य राहून ४,५०० चे ४५० झाले तरी फरक ४,०५० येतो, तोही नवाचाच. पण फरक ५०० असेल तर अदलाबदल नव्हे. मग राहून गेलेली पावती शोधा.

एक मात्र सांगते. नवाने भाग गेला म्हणजे पैसे गेलेच नाहीत, असं सिद्ध होत नाही. कुणी खरंच सत्तावीस हजार काढले असते, तरी भाग गेलाच असता. म्हणून मागचं पान, पावत्या आणि पासबुक बघायचंच. पण कुणावर बोट दाखवण्याआधी हे बघायचं.

नवाची ही गंमत आपल्या देवळालीच्या शाळेतले गणिताचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या ६१७४ या संख्येतही आहे. घरी मुलांबरोबर करून बघा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा आणि वजाबाकी करा. उत्तराचं पुन्हा तसंच, शून्य आलं तर तेही अंक म्हणून धरा. दर वेळी उत्तर नवाच्या पटीत येईल आणि जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ वर पोचाल. तिथून पुढे ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४च.