‘मेयर’ म्हणजे नेमके कोण?



हा विषय मस्तगडावर निघावा, हे औचित्याचेच. १७२५ साली उभारलेल्या या गढीतच पुढे नगरपालिकेचे कार्यालय आले. २०२३ मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली आणि नगराध्यक्षपद जाऊन ‘मेयर’ तोंडी आला.

या शब्दाचे कूळ लॅटिन. मूळ अर्थ ‘अधिक मोठा’, एवढाच. सैन्यातला ‘मेजर’ त्याचाच भाऊबंद. पण मोठा म्हणजे किती मोठा, हे काही शब्द सांगत नाही. न्यूयॉर्कचा मेयर पोलीस आयुक्त नेमतो. लंडनमध्ये तर दोन मेयर! एक जुन्या शहराचा, वर्षापुरता, मानाचा. दुसरा २००० पासून थेट जनतेने निवडलेला. मुंबईत १९३१ पर्यंत हेच पद ‘अध्यक्ष’ या नावाने ओळखले जाई.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी त्याला ‘महापौर’ हा प्रतिशब्द दिला. पौर म्हणजे पुरवासी. त्यांच्यातला थोर तो महापौर. इंग्रजी शब्दात नुसता मोठेपणा होता. तो कोणामध्ये, हे मराठी शब्दाने सांगितले. ‘दिनांक’प्रमाणेच हाही इतका रुळला की, तो कोणी घडवला याची आठवणही उरली नाही.

नाव मात्र भारदस्त, अधिकार तोकडे! आपल्या राज्यात महापौर नगरसेवकांतून, अडीच वर्षांसाठी निवडला जातो आणि सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आणि त्यांना नेमते राज्य शासन. नळाला पाणी का नाही, हे जालनेकरांनी महापौरांना जरूर विचारावे. त्याच अर्जाची एक प्रत आयुक्तांनाही द्यावी आणि पोच घ्यावी.