जुन्या मोटारींतील पेट्रोलचा वास

एम्. जी. बी. ही दोन आसनांची वेगवान मोटार इंग्लंडांत अ‍ॅबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असे. तींत पेट्रोलचा वास आला, कीं मालक प्रथम इंजिनवरचें झांकण उघडतो. ही घाई पुष्कळदां व्यर्थ जाते. टप उघडा असतां धांवत्या गाडींत मागची हवा आसनांकडे ओढली जाते, नाक फसतें. वास केव्हां येतो, हें आधीं पाहावें. टांकी कांठोकांठ भरल्यावर यावा आणि अर्धी होतांच जावा, तर गळती टांकीच्या माथ्याशीं समजावी. सामानाच्या कप्प्याखालीं टांगलेल्या या टांकीच्या पाठीवर चिखल व ओल सांचून पत्रा वरूनच गंजतो, आणि खालून पाहणाऱ्यास ती धडधाकट दिसते! भरण्याच्या नळीचा रबरी जोडही तेथेंच तडकतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरास सोसत नाहीं.

इंजिन चालू असतांनाच वास आला, तर मात्र कार्बुरेटर पाहावा. त्याच्या फ्लोटची सुई अडकली, कीं पेट्रोल ओसंडतें, आणि खालींच धुराची तापलेली नळी असते. शोध घेतांना इंजिन बंद व थंड असावें, दारें उघडीं असावींत. पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती जमिनीलगत पसरत जाते. कोपऱ्यांतील शेगडी दूर आहे, एवढ्यावर निर्धास्त राहूं नये.