हिरव्या तारेचा हिशोब
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



मला निरोप होता, “जुन्या आठवणी सांगा.” एकच सांगतो, आणि ती वायरिंगची आहे. ऊर्जानगरला २९२० मेगावॅटचं वीजकेंद्र उशाशी घेऊन आपण चंद्रपूरकर झोपतो, पण घरातली तिसरी तार कुठे जाते हे मला साठीनंतर कळलं.

मागच्या बाल्कनीत कूलरसाठी आम्ही वेगळा छोटा बोर्ड बसवला. घरातल्या मेन डीबीपासून मिस्त्रीने दोनच तारा ओढल्या, लाल आणि काळी. मी विचारलं, “अर्थिंग?” तो म्हणाला, “काका, न्यूट्रल शेवटी जमिनीतच जाते. दोन्ही एकच.” आणि काळ्या तारेवरून एक तुकडा सॉकेटच्या मोठ्या छिद्राला जोडून दिला. एका तारेचे पैसे वाचले म्हणून मीही खूश. बँकेतला माणूस!

पुढच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर, सौ. कूलरमध्ये पाणी भरायला गेल्या आणि किंचाळल्या. कूलर बंद पडलेला, तरी पत्र्याला करंट. पायात रबरी स्लीपर होती म्हणून निभावलं. मेन डीबीतला स्क्रू सैल होऊन काळी तार निसटली होती. परतीची वाट तुटल्यावर लाल तारेतली वीज मोटरमधून काळ्या तारेत आली आणि त्या तुकड्यावरून सरळ पत्र्यावर.

नंतर परवानाधारक वायरमनने तो तुकडा काढला. मेन डीबीच्या अर्थपट्टीपासून हिरवी तार स्वतंत्र ओढली. छोट्या बोर्डात न्यूट्रलची पट्टी वेगळी, अर्थची वेगळी. दोघींची गाठ तिथे मारायची नाही.

आणि त्याने ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. हे यंत्र म्हणजे आपला कॅशिअर. लाल तारेतून गेलेलं आणि काळ्या तारेतून आलेलं जुळलं नाही की काउंटर बंद. पुढे कुठे न्यूट्रल-अर्थची गाठ असेल तर ती सारखी पडते, मग लोक “खराब आहे” म्हणून तिलाच काढतात. हिशोब चुकला म्हणून कॅशिअर बदलण्यातला प्रकार.

नुसत्या एमसीबीवर विसंबू नका. समजा आपल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध १० ओहम आहे. २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर. ३२ चा एमसीबी त्याला हूं की चूं करणार नाही. आणि उन्हाळ्यात माती वाळली की रोध आणखी वाढतो. म्हणूनच जुने लोक कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात पाणी घालायचे.

आपल्या इमारतीचा खड्डा पार्किंगच्या कोपऱ्यात आहे. मी सोमवारी वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन बोलावलंय. झाकणावर सध्या कुंड्या ठेवलेल्या आहेत. जेवणं झाल्यावर त्या हलवायला दोन-तीन तरुण थांबा.