ज्वारीची लेव्ही आणि नसबंदीचा कोटा



ज्वारीवरची लेव्ही आपण सोसली. आणीबाणीत सरकारने माणसांवरही लेव्ही बसवली. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झाले नाही. तरी १९७६-७७ या एका वर्षात देशभर सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. शाळामास्तरांनासुद्धा कोटा होता.

१९७७ मध्ये मतदारांनी ते सरकार पाडले. पुरुष सुटले, बोजा बायांच्या अंगावर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभर विवाहित बायांमागे ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली दिसली. नवऱ्याची नसबंदी झालेल्या शंभरात एकसुद्धा नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची, तरी हे असे.

पोरे जास्त म्हणून शेतकरी गरीब, असे सांगितले जाते. आम्ही म्हणतो, भाव नाही म्हणून गरीब.

आपला कापूस कुठे विकायचा हे सरकारने ठरवू नये, असे आपण म्हणतो. मग मूल केव्हा, किती, की नकोच, हे सासूने आणि नवऱ्याने तरी का ठरवावे? जिचे शरीर, तिचा निर्णय. स्वातंत्र्य मागायचे तर ते आधी घरात द्यावे लागेल.