आधीं पेन्सिल, मग कात्री

विलायती वेषपत्रिकांतील चित्रांत उभी असलेली तरुणी कोणी पट्टी घेऊन मोजली, तर ती आपल्या डोक्याच्या नऊपट, क्वचित् दहापटहि उंच भरते. खऱ्या मनुष्याची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पटींच्या आसपास असते. वरचीं दीड-दोन डोकीं चित्रकार बहुधा पायांना बहाल करतो. कारण लांब पायांवरून कापड खालीं सोडलें म्हणजे त्याचा झोक डोळ्यांत भरतो. जाणत्या माणसाला ही अतिशयोक्ति खटकत नाहीं. काव्यांतल्या नायिकेची कंबर मुठींत मावते हें ऐकून कोणी मूठ आवळून पाहात नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. परंतु शिवणकामाचा श्रीगणेशा गिरविणाऱ्या मुलीला हा संकेत कोणी उलगडून सांगितला नाहीं, तर ती चित्रांतल्या बाईसाठीं कपडा बेतते, आणि तो घालावयाचा असतो शेजारच्या मावशीला!

मुंबई-पुण्याच्या मुलीला हा प्रश्न फारसा जाचत नाहीं. तिच्या हाताशीं वर्ग आहेत, प्रदर्शनें आहेत. १९८६ सालीं दिल्लींत निघालेल्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची मुंबई-शाखा खारघरला आहे. जाचतो तो ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतल्या मुलीला. शहरांतील श्रोत्यांना हे तालुके अगदींच परके नाहींत. मुंबईच्या नळांना ज्या तानसा आणि भातसा जलाशयांतून पाणी येतें, ते दोन्ही शहापूर तालुक्यांत आहेत, आणि त्यांतील तानसा तर १८९२ सालापासून ही सेवा करीत आहे. कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालेली पावसाळी सहल मुरबाडवरूनच जाते. शहापूरला निदान आसनगांवचें स्टेशन जवळ आहे. मुरबाडला मात्र सडकेनेंच जावें लागतें. वस्ती कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली अशा लोकांची. मुख्य पीक भाताचें.

या मुलखाचा जुना पोशाख पाहिला, तर त्यांत कात्रीला काम फार थोडें होतें. बायकांचें लुगडें, पुरुषांचें धोतर, थंडींतलें घोंगडें, हीं सारीं वस्त्रें मागावरून उतरलीं तशींच अंगावर येत. लावणीच्या दिवसांत पाठीवर घ्यावयाचें इरलें तर पानांचेंच. कापावयाची वस्तु म्हणजे चोळी. पाठ, बाह्या, पुढचे भाग, काखेंतला लहानसा तुकडा, हें सर्व एका खणांत बसवावयाचें, आणि पुढें गुंडीऐवजीं गांठ. त्यामुळें अंग थोडें भरलें किंवा उतरलें तरी तीच चोळी चाले. मापाचें हें शहाणपण कोणत्याहि वेषपत्रिकेंत छापून आलेलें नाहीं. ज्या घरांत आजीच्या पेटींत अशी हातशिवणीची चोळी अद्याप आहे, त्या घरांतील मुलीनें ती उलटी करून एकदां नीट पाहावी. निम्मा अभ्यासक्रम तेथेंच आहे.

पुढें पोशाख बदलला. नऊवारीची जागा बाहेर पांचवारी साडीनें आणि घरांत गाऊननें घेतली. शाळा-कॉलेजच्या मुलींत पंजाबी ड्रेस रूढ झाला. या सगळ्यांना कात्री लागते, आणि मौज अशी कीं, कापड व कपडा दोन्हीसाठीं जिल्ह्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. भिवंडी हें यंत्रमागांचें मोठें केंद्र. आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनीं वसविलेलें, १९४९ सालीं नांव मिळालेलें उल्हासनगर तयार कपड्यांसाठीं, विशेषतः जीन्ससाठीं, प्रसिद्ध आहे. इतकें सारें उंबरठ्याशीं असून पलीकडच्या खेड्यांतील बाईच्या वांट्याला काय येतें? तर फार झालें तर नगावर मजुरी. कापून आलेल्या तुकड्यांना ती टीप मारते आणि मोजून परत देते. शिवणाच्या धंद्यांत ‘मास्तर’ हा किताब शिवणाऱ्याला मिळत नाहीं, कापणाऱ्याला मिळतो. मोबदलाहि त्याचाच अधिक. जो माप घेतो आणि कापतो, त्याच्या हातांत गिऱ्हाईक असतें. जो नुसता शिवतो, तो त्याच्या हाताखालीं असतो.

शिवणवर्ग म्हटला म्हणजे यंत्र, ही समजूत मात्र इतकी दृढ झाली आहे कीं, यंत्र वाटलें म्हणजे शिक्षण झालें असें धरलें जातें. यंत्राची थोरवी कोणी नाकारीत नाहीं. यंत्रांविषयीं साशंक असणाऱ्या गांधीजींनींहि १९२४ सालीं एका संभाषणांत सिंगरच्या शिवणयंत्राचा आवर्जून अपवाद केला. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरनें तें तयार केलें, अशी कथाहि त्यांनीं सांगितली. (सिंगरच्या चरित्राशीं ती फारशी जुळत नाहीं, पण तो विषय निराळा.) यंत्र टांका घालतें, तो कोठें घालावा हें तें सांगत नाहीं. तें आधीं कागदावर ठरावें लागतें.

मग कागदावर काय काढावें? आरंभीं चेहरा, केंस, डोळे यांच्या नादीं मुळींच लागूं नये. सुबक चेहरा काढण्यांत सारा वेळ जातो आणि कपडा तसाच राहतो. एक उभी रेघ ओढून तिचे, सोयीसाठीं, आठ सारखे भाग करावे. पहिल्या भागांत डोकें. दुसऱ्याच्या शेवटीं छाती, तिसऱ्याच्या शेवटीं कंबर, चवथ्याच्या शेवटीं मांड्यांचा आरंभ, सहाव्याच्या शेवटीं गुडघे. खांद्यांची रुंद आडवी रेघ, कंबरेची आंखूड रेघ, खालीं नितंबांची पुन्हां रुंद रेघ. या तीन रेघा जोडल्या म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे राहतात. येथें डहाणू-तलासरीकडील वारली चित्रें आठवल्यावांचून राहात नाहींत. लग्नाच्या चौकाभोंवतीं तांदळाच्या पिठानें काढलेल्या त्या माणसांचीं अंगें अशाच दोन त्रिकोणांचीं असतात. २०११ सालीं पद्मश्री मिळालेल्या जिव्या सोमा म्हसे यांनीं तीं कागदावर आणून जगापुढें ठेविलीं. पॅरिसच्या वर्गांतली पहिली आकृति आणि वारली झोंपडीच्या भिंतीवरची आकृति एकाच हाडाची आहे. तेव्हां ‘आम्हांला चित्र येत नाहीं’ ही सबब या मुलखांतील मुलींनीं तरी सांगूं नये. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या चित्रकला-परीक्षा दिलेल्या मुली तर आतां खेड्यांतहि भेटतात. ती विद्या प्रमाणपत्राबरोबर फडताळांत पडून राहते, एवढेंच.

आकृति उभी राहिली म्हणजे ती वांकवावी. हें विनोदानें सांगितलेलें नाहीं. वेषपत्रिकेंतील तरुणी उभी असते किंवा डौलानें चालत असते. मुरबाडची बाई लावणीच्या दिवसांत दिवसभर ओणवी असते, हात पुढें, पाठ ताणलेली. उभ्या आकृतीवर बेतलेल्या ब्लाउजची पाठ अरुंद झाली, कीं तो मागच्या बाजूनें मुंढ्याजवळच उसवतो, आणि दोष दोऱ्याला दिला जातो. ओणव्या बाईचें साधें रेघांचें चित्र काढलें असतें, तर कापड कोठें जास्त सोडावयास हवें तें आधींच दिसलें असतें. डोक्यावर हंडा घेतलेली, कडेवर मूल घेतलेली, चुलीपुढें बसलेली, अशीं वीस-पंचवीस चित्रें वहींत जमवावीं. तीं सुंदर नसलीं तरी चालतील. खांद्यापासून कापड कोठें ताणलें आहे आणि कोठें सुटलें आहे, तेवढें त्यांत दिसलें म्हणजे झालें.

चित्रानंतर माप, आणि मापानंतर बेत. छाती ३२ इंच भरली, तर घडी घातलेल्या कागदावर तिचा चवथा हिस्सा, म्हणजे ८ इंच घ्यावा. कपड्याची पुढची बाजू निम्मी, मागची निम्मी, आणि प्रत्येक मध्यावर दुमडलेली, म्हणून चवथा. त्यांत सैलपणासाठीं १ इंच व शिलाईसाठीं १ इंच मिळवावा. गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या हिश्शानें धरण्याचा प्रघात आहे, म्हणजे येथें पावणेतीन इंचांहून किंचित् कमी. हा हिशेब सातवी शिकलेल्या मुलीला अवघड नाहीं. अवघड असतो तो पहिला बेत कापडावर न करतां जुन्या वर्तमानपत्रावर करण्याचा धीर. कागद कापून टांचण्यांनीं जोडावा, अंगाला लावून पाहावा, चुकला तर टाकून द्यावा. कागद चुकला तर रद्दी, कापड चुकलें तर गिऱ्हाईक गेलें.

शिवणें हें त्या मानानें सरळ काम. धांवदोरा, टीप, हेम आणि काज हातानें साधले, कीं यंत्रावर बसावें. पहिले कांहीं दिवस सुईंत दोरा न ओंवतां वहीच्या रेघांवरून नुसती सुई चालवावी, म्हणजे चाक उलटें फिरविण्याची पायांची खोड जाते. पहिला कपडा झबलें, मग परकर. ब्लाउजची घाई करूं नये.

मापाचा आणि अंगाचा संबंध तुटला म्हणजे काय होतें, तें २०२४ सालीं महाराष्ट्रानें पाहिलें. सरकारी शाळांच्या गणवेशांचें कापड एका ठिकाणाहून पुरवावें आणि शिवणकाम महिला बचत गटांना द्यावें, अशी योजना निघाली. हेतु स्तुत्य होता. परंतु कित्येक शाळांत गणवेश फार उशिरा पोंचले, आणि पोंचले ते मुलांना नीट बसेनात, अशा तक्रारी झाल्या. डिसेंबरांत शासनानें निर्णय फिरवून तें काम पुन्हां शाळा-व्यवस्थापन-समित्यांकडे सोंपविलें. यांत शिवणाऱ्या बायकांना दोष देणें अन्यायाचें होईल. ठरीव मापांच्या ढिगांतून निघालेला सदरा प्रत्येक पोराला कसा बसावा? काम गांवच्या समितीकडे परत आल्यावर मात्र माप घेतां येणाऱ्या आणि बेत करतां येणाऱ्या मुलीला त्यांत जागा आहे. शाळा तिच्या दारांत आहे. आश्रमशाळाहि या दोन तालुक्यांत आहेत.

राहिली अडचण ऋतूची. वर्ग पावसाळ्याच्या तोंडीं ठेवला, तर कुणब्याची सून लावणीवर असते. दिवाळीनंतर ठेवला, तर कातकऱ्यांचीं कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर गेलेलीं असतात, तीं पावसाच्या सुमारास परततात. यंत्र भट्टीवर नेतां येत नाहीं. वही, पेन्सिल आणि टेप नेतां येते. तेव्हां वर्ग चालविणाऱ्यांनीं, मग ती एखादी औद्योगिक प्रशिक्षण संस्था असो कीं शहापूरचें आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय असो, रेखाटनाचा व मापांचा भाग यंत्रापासून वेगळा काढावा, आणि लावणी संपल्यापासून कापणी सुरू होईपर्यंत जी थोडी उसंत मिळते तींत तो शिकवावा. मग भट्टीवर निघालेल्या मुलीच्या पिशवींत ती वही असेल, आणि ज्येष्ठांत परत येऊन यंत्रावर बसतांना काय शिवावयाचें तें तिला ठाऊक असेल. माप द्यावयाला भट्टीवर बायका-मुलें हवीं तितकीं असतात.