सह्या झाल्यानंतरचं काम
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात युद्ध पेटायची वेळ आली, तेव्हा सिद्धार्थ भर संघात युद्धाच्या विरोधात उभा राहिला. बाबासाहेबांच्या ग्रंथात हे आपण वाचले आहे. तशाच उभ्या राहिलेल्या बायांची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. त्या आफ्रिकेतल्या लायबेरिया देशाच्या.

तिथे १९८९ ते २००३ या काळात दोन यादवी युद्धे झाली. सुमारे अडीच लाख माणसं मेली. लहान पोरांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या, बायांवर अत्याचार झाले. २००३ साली लेमा बोवी यांच्या पुढाकाराने ख्रिश्चन आणि मुसलमान बाया एक झाल्या. पांढरे कपडे घालून राजधानी मन्रोव्हियात मासळी बाजाराजवळ रोज बसल्या. ऊन बघितलं नाही, पाऊस बघितला नाही. घानातल्या आक्रा शहरी वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा तिथे जाऊन सभागृहाच्या दारात ठाण मांडलं. तोडगा काढा, मगच बाहेर या! १८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. धरणं धरणं काय असतं, ते आम्हा गिरणी कामगारांना ठाऊक आहे. त्याहून कठीण असतं उठल्यावरचं काम. ज्या पोराने गाव जाळलं, तोच गावात परत आला, तर त्याचं करायचं काय? या बायांनी बंदूकवाल्यांना शस्त्रं खाली ठेवायला समजावलं. मतदार याद्यांत बायांची नावं घालायला घरोघर फिरल्या. २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सर्लीफ निवडून आल्या. आफ्रिकेत मतदानाने राष्ट्रप्रमुख झालेली ही पहिली स्त्री. या दोघींना २०११ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. आणि खेड्यापाड्यांत बायांनी शांततेच्या झोपड्या उभारल्या. नवऱ्याची मारहाण, जमिनीचा तंटा, सगळं तिथे बसून ऐकायचं आणि मिटवायचं. भारताच्या महिला पोलिसांची तुकडीही २००७ ते २०१६ तिथे बंदोबस्ताला होती.

आता आमचंच बघा. विहारात तंटा आला की मिटवायला बसतो ते आम्ही पुरुष, आणि भगिनी खिरीच्या पातेल्यापाशी. ही चूक आमची आहे. पुढच्या वर्धापनदिनाच्या आत समितीत निम्म्या भगिनी असाव्यात, एवढी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!