सुगडातलं पीक



आज आपण संक्रांतीविषयी बोलू. संक्रांत म्हणजे नव्या पिकाचा सण. जानेवारीच्या १४ किंवा १५ तारखेला ती येते. आदल्या दिवशी भोगी.

आपल्या बारामती-इंदापुरात दोन तऱ्हेची जमीन आहे. नीरेच्या कालव्याखाली ऊस होतो. कालव्यापासून लांब जिराईत, तिथं शाळू. पण भोगीला दोन्हीकडची चूल सारखीच! तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. भाजीत वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा, आणि तिळाचं कूट. थंडीत अंगाला ऊब हवी, म्हणून तीळ-बाजरी. वाडवडिलांनी हे जाणलं होतं.

संक्रांतीला गुळाची पोळी. सुगडात उसाचं कांडं, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाची ओंबी घालायची. शेतात पिकलं ते सुगडात आलं. मग बाया एकमेकींना वाण देतात.

आता आम्ही एक विचारतो. हे पीक खुरपायला, काढायला विधवा बाईही राबली ना? मग हळदीकुंकवाला तीच बाहेर का?

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनंही इतर गावांना तसं करायला सांगितलं. पण बोलावणं घरातूनच जायला हवं. यंदा शेजारच्या त्या बाईला आपण आधी बोलावू. तिच्या हातात वाण देऊ आणि म्हणू, "तिळगूळ घ्या, गोड बोला."